पुढून लोळणारा गाऊन

१४ जानेवारी २०१७

टाचणे,

डावं मनगट मोडलंय. उजव्या हाताने लिहितेय, पण कागद धरायला दुसरा हात नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. आणि फोन करू नकोस. दुकानातल्या मशीनने माझे कान कधीच खाल्लेत, आणि तू फोनवर नुसती पुटपुटतेस.

मोडलं कसं, तेही किळसवाणंच. जिन्यावरून गडगडले असते तर सांगायला तरी बरं. बुटक्या स्टुलावरून उतरले, पाय भुशावर घसरला, हात टेकला आणि कट्. डॉक्टर म्हणजे कालपरवा मिसरूड फुटलेला पोरगा. मला आजी म्हणतो. सगळा बाजार मला बाई म्हणतो, हा कोण नातू लागून गेला? म्हणाला, “एवढ्याशा पडण्याने मोडलं म्हणजे हाडं ठिसूळ झालीत, आजी.” मग मला टेबलावर आडवी करून वरून मशीन फिरवलं. आकडा वाईट आला.

तिथे भिंतीवर दोन चित्रं होती, एक निरोगी हाड आणि एक आमच्यासारख्यांचं. दुसरं बघून मला शिसारी आली. टाचणे, असलं लाकूड मी रोज हातात धरते. वरून पॉलिश चकचकीत, बोट दाबलं की आत जातं आणि पिठासारखा भुसा गळतो. आयुष्यभर लोकांच्या जुन्या कपाटांतली कीड मारली आणि मीच पोखरलेली निघाले.

आता औषधांचं ऐक. एक गोळी आहे, आठवड्यातून एकदा. सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास ताठ बसायचं. आडवं व्हायचं नाही, खायचं नाही, चहासुद्धा नाही. नाहीतर ती अन्ननलिकेला चिकटून जाळते. असली वस्तू मी दुकानात उघडी ठेवणार नाही, पोटात कुठे ठेवू? दुसरं, वर्षातून एकदा सलाइन. त्यानंतर दोन-तीन दिवस ताप नि अंगदुखी. तिसरं, दर सहा महिन्यांनी एक इंजेक्शन. चौथं, रोज आपल्याच हाताने आपल्याच पोटात सुई, ती दोन वर्षं. ते मी पुढे ऐकूनच घेतलं नाही.

शेजारचे निवृत्त व्यायामशिक्षक वेगळंच घेऊन आले. हाडं रात्रभर उकळून काढलेलं पाणी, वर चरबीचा पांढरा थर. वास अगदी माझ्या सरसाच्या भांड्याचा. सरसही हाडंकातडी उकळूनच करतात, तुला ठाऊक आहे. म्हटलं, मास्तर, याने मी खुर्च्यांचे पाय चिकटवते, पीत नाही. तोंड फुगवून गेले.

मुख्य गोष्ट. तुझ्या नवऱ्याला मनगटाचं सांग, हाडांचं सांगू नकोस. माझा धाकटा भाऊ आहे, मी ओळखते त्याला. दुकानाला कुलूप लावून मला तुमच्या मागच्या खोलीत आणून ठेवील आणि दिवसातून दोनदा दारातून डोकावून “बरं आहे ना?” विचारील. मला दुकानातच राहायचंय. पटाशी हातातून सुटेपर्यंत.

तर काय घेऊ ते तू सांग. तुझ्या तोंडात कायम टाचण्या असतात, त्यामुळे तू कमी बोलतेस आणि नाक मुरडत नाहीस.

तुझी मोडकी नणंद

२३ जानेवारी

वन्सं,

नमस्कार. पत्र वाचून आधी रडले, मग सरसाचं वाचून हसले. यांनी विचारलं काय झालं. म्हटलं, वन्संचं मनगट. खोटं बोलले नाही, पण गिळलं बरंच काही.

माझ्याकडे औषधांच्या दुकानातल्या बाई ब्लाउज शिवून घ्यायला येतात. त्यांना बसवून सगळं विचारलं. त्या म्हणाल्या, गोळी सगळ्यात जुनी आणि बहुतेकांना ती पुरते, पण ज्यांना मुळातच जळजळ होते त्यांच्यासाठी नाही. तुम्हाला तर नुसत्या लोणच्याने जळजळ होते. सलाइनला मूत्रपिंडं नीट आहेत ना ते तपासतात. रोजची सुई नवं हाड तयार करते, ती फार वाईट अवस्थेत देतात. आणि सहा महिन्यांचं इंजेक्शन चांगलं, पण तारीख चुकवायची नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं म्हणून मीही दोनदा लिहिते. तारीख चुकवायची नाही.

सुरू करण्याआधी दात दाखवून या. दात काढायचा असेल तर आधीच काढलेला बरा, नंतर जबड्याचं दुखणं उपटू शकतं. क्वचितच, पण उपटतं.

माझी आई शेवटी किती वाकली होती, आठवतं ना तुम्हाला? तिला कुणी काही दिलंच नाही. म्हातारपण म्हणायचे आणि गप्प बसायचे. तुम्ही गप्प बसू नका. शिव्या द्या, पण औषध घ्या.

माझं ठीक. दिवसभर मशीनवर पाय मारते, मला काय होणार?

तुमची
टाचणी

२० फेब्रुवारी

टाचणे,

दात दाखवला. मागच्या दाढेचं मूळ आत कुजत पडलं होतं, मला पत्ताच नाही. दातवाल्याने ते काढून माझ्या डोळ्यांसमोर ट्रेमध्ये ठेवलं. काळं, मऊ, वास मारणारं. वर म्हणतो, घरी न्यायचंय का? लोकांना काय काय हवं असतं देव जाणे.

जखम भरल्यावर इंजेक्शन घेतलं. दंडात. एवढंसं. दुखलं नाही, याचाच मला राग आला, कारण मी महिनाभर चिडून बसले होते. डॉक्टर म्हणाला, “सहा महिन्यांनी परत. चुकवायचं नाही. बंद करायचं असेल तरी मला विचारून, दुसरं औषध देऊनच बंद करायचं.” मी मनात म्हटलं, वा रे पोरा, गिऱ्हाईक बांधून ठेवायची चांगली युक्ती आहे. तिथे बाहेर औषध कंपनीचा एक टाय लावलेला माणूस बसला होता. टेबलावर त्याने दिलेलं हाडाच्या आकाराचं पेन. मला तिथल्या खुर्चीचीसुद्धा घाण वाटली. गुळगुळीत प्लॅस्टिक, वर आधीच्या माणसाची ऊब.

चुन्याच्या गोळ्याही चालू आहेत. त्यांची चव फळ्यावरच्या खडूची.

हात सुटला. कालपासून परत रंधा मारतेय.

नणंद

११ फेब्रुवारी २०१८

वन्सं,

वर्ष झालं. तुम्ही दोन्ही इंजेक्शनं वेळेवर घेतलीत, मला फार बरं वाटतं. आता तिसऱ्याची तारीख आली ना? झालं का ते? आणि परत मोजून घेतलंत का? कळवा, माझा जीव टांगलेला आहे.

यांना कशाचीच शंका नाही. तुमचं मनगट मोडल्यापासून रोज फोनवर हाडं मजबूत करण्याचे व्हिडिओ बघतात आणि मला दाखवतात. कालचा माणूस तर अंड्याचं कवच चावून खात होता. मी उठून मशीनवर जाऊन बसले.

टाचणी

९ मार्च

टाचणे,

मोजलं. आकडा सुधारलाय. पोरगेल्या डॉक्टरचे दात दिसले, एवढा खूश. मीही मनातून खूश झाले, पण त्याला दिसू दिलं नाही.

दुकानात एक भलं मोठं कपाट आलंय. मालकांनी आत वर्षानुवर्षं ओले कपडे कोंबलेले. पाठीची फळी काढली तर आत बुरशी, झुरळांची अंडी आणि कुणाचा तरी एक मोजा, उभा राहील इतका कडक. मालकीणबाई म्हणाल्या, “जपून हं, आजोबांचं आहे.” आजोबांना एवढं जपायचं होतं तर मोजा तरी काढायचा. लोक बाहेरून पॉलिश मागतात नि आत असं काहीतरी कुजत ठेवतात. मला माणसांचाच वीट आलाय.

कीड मात्र झकास मारली. एकदा औषध नीट मुरवलं की परत बघावं लागत नाही. काम असं पाहिजे.

नणंद

४ ऑक्टोबर

वन्सं,

बरोबरच्या पार्सलात गाऊन आहे. मऊ सुती कापड, खिसे खोल, पटाशीसुद्धा मावेल. तुमच्या मापाचा कागद अजून माझ्या खिळ्याला आहे, त्यावरूनच कापला. घालून बघा आणि कळवा. तुम्ही बरेच दिवस काही लिहिलं नाही.

टाचणी

२८ ऑक्टोबर

टाचणे,

गाऊन मिळाला. कापड चांगलं. शिवण मात्र कुणाकडून करून घेतलीस? पुढून जमिनीवर लोळतो आणि मागून घोट्याच्या वर उचलला जातो. पुढची बाजू उंटाच्या मापाची आणि मागची कोंबडीच्या. दोनदा पायात आला, भुसा सगळा खालच्या कडेने झाडत फिरतेय. खांद्यावरही नीट बसत नाही, गळा पुढे पडतो. तुझं वय झालं बहुतेक. मी कुणाला सांगणार नाही.

लिहिलं नाही, कारण पाठीने वीट आणलाय. ऑगस्टमध्ये एक जड खण ओढला, तेव्हापासून मधोमध आवळल्यासारखं दुखतं. उसण असेल. मास्तरांनी चोळायला तेल दिलंय, त्याला मेलेल्या उंदराचा वास येतो. चोळते आणि मग स्वतःच्याच पाठीकडे पाठ करून झोपावंसं वाटतं. जेवण कमी झालंय, दोन घासांत पोट दाटतं. आरशात बघितलं तर पोट पुढे आलेलं, काहीही न खाता. किळस येते बघायला. आरसा फिरवून ठेवलाय.

नणंद

१ नोव्हेंबर

वन्सं,

हे पत्र वाचून होताच दुकान बंद करा आणि डॉक्टरकडे जा. उद्या नको, आजच.

तुमचं पत्र वाचून मी खिळ्यावरचा कागद काढला, मेजावर पसरला. पुढची नि मागची उंची सारखी आहे. माझी कात्री चुकलेली नाही. तोच कागद, ज्यावरून मी तुम्हाला इतके कपडे शिवले आणि तुम्ही कधी टाका बदलायला सांगितला नाहीत.

पुढून लोळणारा आणि मागून उचलला जाणारा गाऊन मी आधी एकदा बघितलाय, वन्सं. आईचा. तिच्यासाठी मी शेवटी शेवटी पुढून चार बोटं कमी कापायची आणि मागून वाढवायची. पाठीत बाक आला की कापड तसंच वागतं. गळा पुढे पडतो तोही त्यानेच, आणि पोट दाटतं तेही, कारण बरगड्या खाली येतात. आईला काय होतंय ते मला कळत होतं, पण मी फक्त कपडे बदलत राहिले. आता गप्प बसणार नाही.

मार्चमधलं तुमचं पत्र परत काढून वाचलं. मी इंजेक्शनचं विचारलं होतं. तुम्ही मोज्याचं लिहिलंत, बुरशीचं लिहिलंत, इंजेक्शनचं उत्तर दिलंच नाहीत. मी मूर्ख, हसले आणि पत्र ठेवून दिलं. खरं सांगा, तिसरं घेतलंत का?

आणि मी यांना सगळं सांगितलंय. रागवा. मी तयार आहे.

टाचणी

१५ नोव्हेंबर

टाचणे,

घेतलं नाही.

दोन मणके चेपलेत. फोटो बघितला. पत्र्याचा डबा पायाखाली यावा तसे दिसतात. डॉक्टरने या खेपेला आजी म्हटलं नाही. त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

का घेतलं नाही, तर ऐक आणि मग काय हवं ते बोल. लाकडाला औषध एकदा नीट मुरलं की किडा मरतो. काम संपलं. परत परत भिजवणारा कारागीर अडाणी, असं मी कायम म्हणत आले. आकडा सुधारला, मला वाटलं, मेली कीड. बाकीचं सगळं त्या टायवाल्याचं दुकान. एवढी हुशार मी.

डॉक्टर म्हणाला, या औषधाने काही मरत नाही. हाड खाणाऱ्या पेशी फक्त झोपतात. औषध बंद केलं की त्या जाग्या होतात, आणि पहिल्यापेक्षा जास्त भुकेल्या. वर्षभरात कमावलेलं काही महिन्यांत खाऊन टाकतात. आणि टाचणे, सगळ्यात घाणेरडी गोष्ट ही, की त्या बाहेरून आलेल्या नाहीत. त्या माझ्याच आहेत. लाकडात किडा शिरतो तरी. इथे मीच मला खातेय. हे ऐकल्यापासून मला माझ्या अंगाला हात लावावासा वाटत नाही. अंघोळ करताना डोळे मिटते.

मी विचारलं, आता ती रोजची सुई द्या, नवं हाड होऊ दे. म्हणाला, या इंजेक्शनाच्या मागून ती एकटी देण्यात फायदा नाही, उलट अजून हाड जाईल. सलाइनचाही विचार केला त्याने, पण सध्या तेच इंजेक्शन परत, ताबडतोब, आणि आता तारीख म्हणजे तारीख. कधी थांबवायचं झालंच तर त्याच्या जागी सलाइन देऊनच. दुसऱ्या डॉक्टरलाही दाखवलं. त्यानेही तेच सांगितलं. काल घेतलं.

तुझा नवरा आला होता. तू सांगितलंस म्हणून चिडले होते, चार दिवस तुला मनातल्या मनात काय काय बोलले. तो दुकानाच्या मध्ये उभा राहिला, कुलूप हातात. मी म्हटलं, ऐक. एकही तारीख चुकली तर मी स्वतः गाठोडं बांधून तुझ्या मागच्या खोलीत येईन. न चुकता घेतली तर हे दुकान माझं. जड काही उचलणार नाही, उचलायला माणूस ठेवीन. त्याने कुलूप खिशात घातलं, झाडू घेतला आणि सगळा भुसा झाडून काढला. इतकं वाईट झाडतो तो. मी नंतर परत झाडलं. वाकून नाही, लांब दांड्याच्या झाडूने.

गाऊन परत पाठवतेय. तुझी शिवण चांगली होती. हे मी पुन्हा लिहिणार नाही.

नणंद

३ डिसेंबर

वन्सं,

मी काहीच बोलणार नाही. तुम्ही स्वतःला जे बोललात ते पुरे.

गाऊनचं विचारायचं होतं. पुढची जादा बाजू कापायची नाही, आत दुमडून घालते. कापड तसंच राहील. पुढेमागे लागलंच तर उसवता येईल.

आणि अजून एक. तुमचा कागद मेजावर होता, बाजूला माझा जुना कागद होता, लग्नानंतर लगेच केलेला. सहज यांना म्हटलं, माझी उंची घ्या. दोन बोटं कमी. यांनी परत घेतली, तरी दोन बोटंच कमी. मशीनवर पाय मारते, मला काय होणार, असं लिहिलं होतं ना मी तुम्हाला? तपासून आले. तुमच्याइतकं वाईट नाही, पण आहे. मणके अजून शाबूत आहेत. मला ती आठवड्याची गोळी दिलीय.

पाकीट अजून उघडलेलं नाही. तुमच्याशीच खरं बोलता येतं म्हणून सांगते, मला किळस वाटते. ती अन्ननलिकेला चिकटेल, जाळेल, हेच डोळ्यांसमोर येतं. तुमची पत्रं इतकी वेळा वाचलीत की तुमचं ओकणं माझ्या घशात आलंय. दोन आठवडे ती कपाटात आहे. मी रोज दार उघडते नि लावते.

टाचणी

८ डिसेंबर

टाचणे,

आधी गाऊन. दुमडू नकोस. काप. आत दुमडलेलं ठेवलंस तर मी रोज ती दुमड चाचपीन आणि मनात म्हणेन, होईन परत उंच. मी होणार नाही. चेपलेले मणके परत उभे राहत नाहीत, मी विचारून घेतलंय. पुढून काप, मागून वाढव, जसं तुझ्या आईला करायचीस. नवा कागद कर माझा. जुना फाडून टाक.

आता तुझं. माझी सगळी पत्रं एकत्र कर आणि बघ, त्यात एका तरी औषधाबद्दल मी बरं बोलले आहे का? नाही. आणि माझं काय झालं ते बघ. ज्या इंजेक्शनची मला एवढी घाण वाटत होती ते चांगलं होतं, आणि ज्या अकलेची मला कधीच घाण वाटली नाही तिने माझी पाठ मोडली. माझ्या नाकाने वास घेऊ नकोस. माझं नाक कामाचं नाही.

तुला जळजळ होत नाही. तू दगड पचवतेस. भरपूर पाण्याबरोबर घेतली आणि ताठ बसलीस तर ती चिकटत नाही, सरळ खाली जाते. झालीच जळजळ तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जा, दुसरं काहीतरी देतील. कपाटात ठेवून ती काही करणार नाही. आणि कधी बंद करायची ते डॉक्टरला विचारून, तुझ्या मनाने नाही. हे मी दोनदा लिहितेय, तुझ्यासारखं. तुझ्या मनाने नाही.

अर्धा तास ताठ बसायचं एवढंच ना? चहा नाही, खाणं नाही, तोंडात टाचण्यासुद्धा नाहीत. तेव्हा खिडकीपाशी खुर्ची घे, उंच पाठीची, मी दिलेली. कागद घे. त्या अर्ध्या तासात मला पत्र लिही. काहीही लिही. गोळी कशी खडूसारखी लागली, किती किळस आली, मला किती शिव्या द्याव्याशा वाटल्या, सगळं लिही. मी वाचीन.

रविवारी सकाळी घे. बुधवारपर्यंत पत्र आलं नाही, तर मी गाडी पकडून येईन आणि तुमच्या त्या मागच्या खोलीत राहीन. मग बघ.

नणंद